नजर कोणाच्या हाती?

श्रोतेहो, कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्हिडिओ गेमच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि उसाच्या फडात, कारखान्याच्या दारात अधिक झाले. परंतु यंत्राने माणसाकडून कोणते काम घेतले आणि त्याच्याकडे कोणते ठेवले, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे विचारीत आलो. तोच या खेळात आम्हांस अवचित भेटला.

गोष्ट घरचीच आहे. पुतण्याने आमच्या हाती खेळाचा कंट्रोलर दिला. त्याला दोन दांड्या. डाव्या अंगठ्याने योद्धा चालवायचा, उजव्याने कॅमेरा फिरवायचा, आणि तलवारीचे बटण निराळेच. आम्ही शत्रूवर धावलो, कॅमेरा राहिला भिंतीकडे. आमचा योद्धा भिंत पाहत पाहत मेला. पुतण्या म्हणाला, "काका, उजवी दांडी आत दाबा." दाबली. शत्रूच्या छातीवर एक ठिपका उमटला, आणि आम्ही कुठेही सरकलो तरी नजर त्याच्यावरून ढळेना. याला 'लॉक-ऑन' म्हणतात.

ही युक्ती सुचली कशी? 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये नायक डावीकडून उजवीकडे पळे आणि चित्र त्याच्याबरोबर सरके. कोणी कुठे पाहावे हा प्रश्नच नव्हता. 1996 साली 'सुपर मारिओ 64' आला. आता नायक चहूंकडे फिरू लागला; मग त्याला पाहायचे कोठून? निर्मात्यांनी ढगावर बसलेला लाकितू नावाचा एक कॅमेरावाला खेळातच दाखविला, आणि त्याला हलविण्यासाठी खेळणाऱ्यास चार पिवळी बटणे दिली. पडद्यामागे राबणाऱ्याची अशी आरंभीच ओळख करून देणारा मालक आम्ही क्वचितच पाहिला आहे!

पळणे सुटले, लढणे अडले. लक्ष्य धरून ठेवण्याचे प्रयत्न इतरत्रही चालू होते. पण ही रीत रुळविली ती निन्टेंडोच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या 1998 च्या खेळाने. तो घडत असता तोरू ओसावा, योशिआकी कोइझुमी आदी मंडळी क्योतोच्या तोएई चित्रनगरीत गेली. उकाडा फार, म्हणून एका नाट्यगृहात शिरली. आत निंजांचा खेळ चालला होता. एकाने कुसारिगामा, म्हणजे साखळीला बांधलेला विळा, सामुराईवर फेकला. सामुराईने साखळी हातावर झेलली. ती ताणली गेली, आणि निंजा त्याच्याभोवती गोल फिरू लागला. त्या साखळीतून यांना वाट सापडली : नायक आणि शत्रू यांना एका अदृश्य साखळीने बांधावे. झेड बटण दाबले की साखळी पडे. कोणाला बांधले हे दाखविण्यासाठी नावी नावाची एक परी शत्रूभोवती घिरट्या घाली.

आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे नवे नाही. तोही प्रतिस्पर्ध्यावरची नजर न काढता फेर धरतो. त्याच नाट्यगृहात कोइझुमींना आणखी एक गोष्ट दिसली. एक हल्लेखोर लढत असता बाकीचे थांबतात. ही सवलतही खेळात आली.

पण सवलत कायमची नसते. 2011 च्या 'डार्क सोल्स'मध्ये एकाला नजरेत बांधून राहाल, तर दुसरा पाठीत वार करतो. तेथे मुरलेला खेळाडू बांधण्याइतकेच सोडण्यातही तरबेज असतो.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ 2020 साली निघाला. भावाला असुरांनी पळविले म्हणून दुर्गेचे त्रिशूळ घेऊन निघालेल्या मुलीची ती कथा. तेथे कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाहीच. किल्ले-महाल कोठून पाहायचे, हे निर्मात्यांनी ठरविले आहे. अंगठ्याचे श्रम वाचतात, पण मान वळविण्याची मुभाही जाते. यात आम्ही दोष काढीत नाही; चित्रकारही आपली चौकट स्वतःच आखतो. फक्त सौदा काय झाला, हे उघड्या डोळ्यांनी पाहावे.

बीडकरांना विळा-कोयत्याची ओळख करून द्यायला नको. आपल्या जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडीच हिशेबात 'एक कोयता' म्हणून धरतात. आता त्याच फडात तोडणीचे हार्वेस्टर उतरले आहे. पाठ मोडणारे काम यंत्राने घ्यावे, याला आमचा विरोध कधीच नव्हता. लॉक-ऑननेही रोखून पाहण्याचे कष्ट घेतले. पण कोणाला धरावे, केव्हा सोडावे, हा निर्णय खेळणाऱ्याच्या बोटाखाली ठेवला. म्हणून तेथे यंत्र सोबती ठरले. फडातल्या यंत्राचे बटण मात्र कोयत्याच्या हाती कोणी दिलेले नाही.

मुले हे खेळ खेळतात म्हणून त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्याशेजारी बसा आणि एवढेच विचारा : बाळा, ही साखळी कोणी टाकली, आणि सोडायचे बटण कोठे आहे? हा प्रश्न ज्याला खेळात विचारता येईल, त्याला तो फडातही विचारता येईल.