काळी-पिवळीतला टेप : तारांच्या वाचनाचा एक अलिखित इतिहास

आपल्याकडे ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास लिहिला जातो तो गायकांचा, संगीतकारांचा आणि फार तर कंपन्यांचा. तबकडी, आकाशवाणी, कॅसेट असे टप्पे पाडले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर कोण गात होते हे सांगितले जाते. ते गाणे ज्या तारेतून ऐकणाऱ्यापर्यंत पोचले ती तार कोणी जोडली, हे सहसा विचारले जात नाही. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात स्वस्त कॅसेटींनी उत्तर भारतातील बोलींच्या गाण्यांना बाजार कसा मिळवून दिला याची विस्तृत मांडणी केली. तीत कॅसेट काढणारे आणि विकणारे आहेत. परंतु कॅसेट वाजायला यंत्र लागते, आणि जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात अहिराणी गाणे ज्या यंत्रावर चारचौघांत ऐकले गेले त्यांपैकी एक महत्त्वाचे यंत्र प्रवासी जीपच्या डॅशबोर्डखाली टांगलेले असे.

खानदेशाची रचनाच अशी की येथे रस्त्याला महत्त्व यावे. १९०६ साली इंग्रजांनी या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या असंख्य फाट्यांवर एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी काळी-पिवळीने भरून काढली. टेप लावायचा की नाही, कोणती कॅसेट लावायची, हे ड्रायव्हर ठरवीत असे. प्रवाशांना निवड नव्हती. आणि श्रोतृवर्ग अनेकदा असाच, निवडीवाचून घडतो.

या प्रदेशाला लेखनिकाचे ऋण ठाऊक आहे. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांमुळे उतरून राहिली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. मधल्या माणसाची ही कदर आपण करतो, कारण तो लिहितो. वायरिंगवाला लिहीत नाही. त्याच्या ज्ञानाचा इतिहास त्याने सोडवलेल्या अडचणींतूनच शोधावा लागतो.

पहिली अडचण भाषेची होती, असे म्हटले तरी चालेल. गाडी कारखान्यातून बहुधा टेपशिवाय येई. प्रत्येक कंपनीचे वायरींचे रंग निराळे, आणि टेप बनवणाऱ्यांचे त्याहून निराळे. पुढे बाजारातल्या डेकपुरता एक संकेत स्थिरावला : पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची, काळी अर्थची, आणि स्पीकरसाठी पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या. पिवळीवर डेकची स्मरणशक्ती चालते. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की चावी काढताच लावून ठेवलेली स्टेशने पुसली जातात. दोन्ही एकत्र करून कायम करंटला जोडल्या, तर डेक बंद करायला विसरलेल्या गाडीची बॅटरी सकाळी बसलेली असते. आयएसओने जोडणीचे ठोकळेही प्रमाणित केले, पण काही युरोपीय कंपन्यांनी त्यातलीच चौथी आणि सातवी टोके उलट ठेवली. प्रमाणभाषा झाली तरी बोली संपत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

‘अर्थ’ या शब्दाचा योगायोग येथे टाळता येत नाही. गॅरेजमध्ये ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य शब्दशः उच्चारले जाते, आणि त्या बोलीत ते सर्वांत गंभीर निदान असते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. त्यावर रंग किंवा गंज असला की वाट अडते, मग डेक लागतो पण आवाज चढवताच बंद पडतो. किंवा इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक शिट्टी गाण्यामागे ऐकू येऊ लागते. ही शिट्टी अल्टरनेटरची. (कारागिराच्या तोंडी मात्र तो अजूनही ‘डायनामो’च.) डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नसल्याने पेट्रोल गाड्यांत मध्यम लहरींच्या रेडिओवर येणारी इग्निशनची तडतड जीपमध्ये नसे, शिट्टी मात्र असे. उपाय साधा होता : रंग खरवडून डेकला स्वतंत्र अर्थ द्यायचा आणि करंट थेट बॅटरीवरून घ्यायचा.

खरा पेच पडला तो पिढी बदलली तेव्हा. जुन्या साध्या टेपमध्ये अनेकदा स्पीकरला एकच वायर नेत आणि दुसरे टोक बॉडीला जोडून देत. वायर वाचे आणि आवाजही येई. नंतरच्या जास्त ताकदीच्या डेकमध्ये स्पीकरची दोन्ही टोके चालती असतात, त्यांतले कोणतेच अर्थ नसते. अशा डेकला जुन्या वायरी जशाच्या तशा जोडल्या की पडद्यावर अक्षरे उमटतात, क्षणभर आवाज येतो आणि मग सगळे गप्प. मालक म्हणणार, नवा सेटच खराब. जाणता कारागीर सेटला हात न लावता स्पीकरच्या वायरी सोडवतो, बारा व्होल्टच्या दिव्याचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे त्या वायरीला लावतो. दिवा लागला, तर ती वायर कुठेतरी बॉडीला मिळालेली आहे. मग प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी ओढण्यावाचून गत्यंतर नाही. एका काळाची काटकसर दुसऱ्या काळात दोष ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला साहित्येतिहासातही सहज सापडत नाही.

हा दिवा म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. तो मीटरपेक्षा गरीब असला तरी एका बाबतीत अधिक खरा आहे. सैल जोडावर मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवू शकतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दिवा ओढतो, म्हणून मंद लागतो आणि जोड कच्चा असल्याचे सांगून टाकतो. स्पीकरची उलट-सुलट बाजू ओळखायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो : टोकांना क्षणभर टेकवल्यावर कागदी पडदा बाहेर आला तर सेलचे प्लस टोक जिथे लागले ते स्पीकरचे प्लस. दोन स्पीकर परस्परांविरुद्ध जोडले गेले की शब्द ऐकू येतात, पण ढोलाचा घुमारा हरवतो. लग्नाच्या गाण्यातून ढोल गेला तर उरते काय, हे खानदेशात कोणीही सांगेल.

या ज्ञानाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची युक्ती सर्रास चालली. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करीत असतो. चांदी उडत नाही, मग तापते ती वायर. त्यातून उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणारा हा प्रदेश. काळ्या पट्टीचा डिंक वितळून जोड उघडे पडतात आणि डॅशबोर्डमागे, कोणाला दिसत नाही अशा ठिकाणी, एकमेकांना टेकतात. अशा जोडाने गाडी पेटली तरी खापर फुटते ते ‘शॉर्टसर्किट’ या एका शब्दावर. फ्यूज कोणी काढला याची चौकशी क्वचितच होते.

कॅसेट केव्हाच गेली. आता सेट बहुधा कारखान्यातूनच बसून येतो, स्टिअरिंगवरच्या बटणांचे संदेश सांकेतिक रूपात तारांतून फिरतात, आणि तोच भाबडा दिवा एअरबॅगच्या वायरीला लावला तर अनर्थ ओढवू शकतो. वायर रंगावरून न वाचता तिला दिवा लावून वाचणारी पिढी अजून गॅरेजांत बसलेली आहे. ‘चावीचा करंट’, ‘बॉडी अर्थ’, ‘दिवा मंद लागतो’ हे तिचे शब्द अहिराणीच्या कोणत्या क्रियापदांबरोबर, कोणत्या हेलात येतात, हे तिच्याच तोंडून टिपून घेता येईल, आणि त्यासाठी एक वही पुरेशी आहे.