घरी व्हीसीआर जोडताना

सोनीने 1975 साली बीटामॅक्स आणि जेव्हीसीने 1976 साली व्हीएचएस ही व्हीसीआरची, म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरची, पद्धत जपानमध्ये बाजारात आणली. बीटामॅक्सच्या पहिल्या कॅसेटवर तासाभराचेच चित्रण मावत असे, व्हीएचएसवर दोन तासांचे. पुढे आलेल्या तीन तासांच्या कॅसेटवर तर अख्खा हिंदी चित्रपट बसू लागला.

भारतात 1982च्या दिल्ली आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि व्हीसीआर घरोघरी दिसू लागला, बहुधा भाड्याने आणलेला. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीचा मुलगा तो जोडून देई. त्याच्या हातात खरे कसब होते.

गच्चीवरच्या अँटेनाची तार टीव्हीतून काढून व्हीसीआरला लावायची आणि व्हीसीआरमधून दुसरी तार टीव्हीत न्यायची. आतला मॉड्युलेटर कॅसेटवरचे चित्र व आवाज एका रिकाम्या वाहिनीवर चढवत असे, म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने व्हीसीआर हे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच. ती वाहिनी टीव्हीवर शोधणे हेच चिकाटीचे काम. बटण हळूहळू फिरवत मुंग्यांमधून चित्र वर येईपर्यंत सारे घर श्वास रोखून बसे. अँटेनाची चपटी तार 300 ओहमची आणि व्हीसीआरचे तोंड 75 ओहमचे असेल, तर मध्ये जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लागे. चित्र व आवाजाच्या स्वतंत्र तारा आल्यावर ही शोधाशोध संपली.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै 2016मध्ये उत्पादन थांबवले.