वाहतूक परवाना, वनोपजाचा (चंद्रपूर व गडचिरोली)

वनोपज जंगलातून, आगारातून किंवा खाजगी जागेतून अन्यत्र नेताना मालासोबत बाळगावा लागणारा लेखी दाखला. वनखात्यात, व्यापाऱ्यांत आणि आता गावोगावच्या ग्रामसभांतही तो ‘टीपी’ या नावाने ओळखला जातो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ ने वनोपजाच्या ने-आणीसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला असून परवान्याची सारी पद्धत त्यावर उभी आहे. परवान्यावर मालाचा प्रकार, परिमाण, उगम, पोहोचण्याचे ठिकाण, वाहनाचा क्रमांक, मार्ग आणि मुदत नोंदलेली असते, आणि वाटेतील तपासणी नाक्यावर ट्रकातला माल या नोंदींशी ताडून पाहिला जातो. देणारा एक आणि मानणारे अनेक, अशी या व्यवस्थेची घडण आहे. मालावर हक्क कोणाचा हे नाक्याने नव्याने ठरवायचे नसते, सक्षम हाताने ते आधी तपासले आहे की नाही एवढेच पाहायचे असते. साहजिकच परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती असावे, हा वादाचा विषय ठरला.

इमारती लाकूड. लाकडाच्या बाबतीत परवाना देणाऱ्याविषयी फारसा वाद नाही.

बांबू. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद गिरणीमुळे या भागातील बांबूला दीर्घकाळ मोठे गिऱ्हाईक लाभले. १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश असल्याने त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याचे नियंत्रण राहिले. उलट, २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूची गणना गौण वनोपजात करून त्यावर वनहक्कधारकांची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि देशात असा हक्क सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. तथापि हक्काचा कागद हाती येऊनही बांबू गावाबाहेर नेण्यासाठीचा परवाना खात्याकडेच राहिल्याने मालकी गावाची आणि वाहतूक खात्याच्या मर्जीची, अशी विसंगत अवस्था निर्माण झाली. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे, असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या वतीने गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. या प्रसंगाचे वर्णन बहुधा बांबूच्या विक्रीच्या अंगाने केले जाते. प्रशासनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे, कारण हक्क असणे आणि तो नाक्यावर मान्य होणे या दोन गोष्टींतील अंतर तेथे प्रथमच इतके उघड दिसले.

६ सप्टेंबर २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांनी ग्रामसभेकडून परवाना देण्याची तरतूद देशभर लागू केली. त्यानुसार गौण वनोपजाचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती किंवा ग्रामसभेने अधिकृत केलेली व्यक्ती देते, आणि परवान्याच्या औपचारिकतेमुळे विल्हेवाटीच्या हक्काला कोणत्याही प्रकारे बाध येऊ नये, असेही नियमातच म्हटले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तीही बांबूची तोड व विक्री स्वतः करू लागली.

तेंदूपत्ता. हंगाम उन्हाळ्यात अल्पकाळ चालतो. पाचगावने तेंदूची तोड न करण्याचा निर्णय घेतल्याने तेथे त्याच्या परवान्याचा प्रश्न उद्भवला नाही.

संगणकीय परवाना. गडचिरोलीची सीमा तेलंगण व छत्तीसगडला लागून असल्याने माल अनेकदा परराज्यात जातो, आणि एका राज्याच्या कागदाची शहानिशा दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर करणे हे जुने दुखणे होते. केंद्रीय मंत्री भूपेंद्र यादव यांनी २९ डिसेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणालीत परवान्यावर क्यूआर संकेत छापला जातो आणि नाक्यावर तो वाचून खरेपणा पडताळता येतो. परवानामुक्त प्रजातींसाठी ना-हरकत प्रमाणपत्र अर्जदारालाच काढता येते. पडताळणी एका जागी आणि तिचा उपयोग अनेक दारांवर, ही रचना संगणकाच्या क्षेत्रातही रूढ आहे. ‘सर्व्हरलेस’ म्हणवणाऱ्या क्लाउड सेवांत, म्हणजे ज्यांत यंत्र सांभाळण्याचा भार सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर असतो अशा सेवांत, ओळख तपासणारा ‘ऑथोरायझर’ नावाचा छोटा कार्यक्रम एकदाच लिहून अनेक सेवांना सामायिक देता येतो. तो विनंतीसोबत आलेल्या टोकनची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणेची, छाननी करून धारकाला काय करता येईल याचे धोरण परत देतो. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवे या प्रवेशद्वाराचे काम करणाऱ्या सेवेत हे धोरण ठरावीक काळ, नेहमीच्या मांडणीत ३०० सेकंद व जास्तीत जास्त ३,६०० सेकंद, साठवून ठेवले जाते. यात एक खोच आहे: पहिल्या विनंतीवेळी दिलेल्या धोरणात एकाच दाराचे नाव असेल, तर साठवणीची मुदत संपेपर्यंत त्याच टोकनने त्याच गेटवेच्या दुसऱ्या दाराशी गेलेला योग्य माणूसही नाकारला जातो. उपाय दोन आहेत: धोरण सर्व संबंधित दारांना पुरेल इतके व्यापक लिहिणे, किंवा साठवण बंद करून प्रत्येक वेळी नवी पडताळणी सोसणे. पडताळणी केंद्रित असावी की प्रत्येक सेवेने स्वतःची ठेवावी, यावर अभियंत्यांत एकमत नाही. वनोपजाच्या बाबतीत मात्र २०१२ च्या नियमांनी परवाना देण्याचा अधिकार गावाकडे नेला, तर २०२३ च्या प्रणालीने पडताळणी एका जागी आणली.

बांबूपुरते सांगायचे तर, नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने व त्यामागून आलेल्या कायद्याने ‘वृक्ष’ या संज्ञेतून बांबू वगळण्यात आला. या दुरुस्तीचा लाभ वनाबाहेर लावलेल्या बांबूला होतो. वनातील बांबू आजही १९२७ च्या अधिनियमाखालीच येतो.