फसलेला चोर

ज्या चोराला चोरी साधत नाहीं त्याच्यावर आपण पोट धरून हंसतों, आणि हंसतां हंसतां त्याला क्षमाही करून टाकतों. असले विनोदी चित्रपट मुलांना दाखवावे कीं नाहीं, असें पालक आम्हां शिक्षकांस विचारीत आले आहेत. उत्तर देण्यापूर्वीं या फसलेल्या चोराचा थोडा इतिहास पाहूं.

हा गृहस्थ चित्रपटांत जन्मला नाहीं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचा तो शास्त्रोक्त विचार करतो, आणि मापाचा दोरा विसरल्यामुळें गळ्यांतल्या जानव्यानेंच माप घेतो! आंत पाहतो तों मृदंग, वीणा आणि पुस्तकें. द्रव्य कोठेंच नाहीं. अखेर झोपेंत बरळणारा मैत्रेय आपण होऊनच दागिन्यांची पेटी त्याच्या हातीं देतो. हा सारा खटाटोप मदनिका या दासीला दास्यांतून सोडविण्यासाठीं. परंतु मदनिका ते दागिने ओळखते व मूळ मालकिणीला, वसंतसेनेला, परत करावयास लावते. आणि वसंतसेना तिला मुक्त करते. देवलांनीं हेंच नाटक संगीत रूपानें मराठी रंगभूमीवर आणलें.

पुढें पडद्याचें युग आलें. १९१६ सालीं चार्ली चॅप्लिनचा ‘पोलीस’ हा मूकपट निघाला. तुरुंगांतून सुटलेला चार्ली जुन्या सोबत्याबरोबर घरफोडीस जातो. दोघे खिडकीशीं झटत असतात, आणि दार मात्र उघडेंच असतें! घरांतील तरुणी आजारी आईसाठीं विनवणी करते. सोबती ऐकत नाहीं. तेव्हां चार्ली त्याच्यावरच उलटतो. पोलीस आल्यावर ती तरुणी त्याला आपला पति म्हणून वांचविते.

मराठींत १९८७ सालीं सचिन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘गंमत जंमत’ आला. पैशांच्या निकडीनें दोन मित्र एका श्रीमंत मुलीला खंडणीसाठीं पळवितात, आणि त्यांतला एक तिच्याच प्रेमांत पडतो. अशोक सराफ व स्वतः सचिन हे ते मित्र. मुलगी वर्षा उसगांवकर. आमच्या नाकाडोंगरीकडे, भंडारा जिल्ह्यांत, दिवाळीनंतरच्या मंडईंत होणाऱ्या लोकनाट्याचें नांवच ‘खडी गंमत’ आहे. त्या खेळांना सरावलेल्या माणसांस असली फजिती परकी वाटत नाहीं.

या तिन्ही कथांत एक सूत्र आहे. चोराला गरज आहे, परंतु गरजेनें चोरी क्षम्य ठरत नाहीं; ती फसते, उलटते, किंवा माल परत जातो. चोर सुधारतो तो शिक्षेच्या भयानें नव्हे. ज्याला लुबाडावयाचें तें माणूस समोर उभें राहतें, आणि चोराचा हात लुळा पडतो. म्हणून पालकांनीं निःशंक मनानें मुलांना असे खेळ दाखवावे. मात्र चोर कोणत्या क्षणीं थबकला, एवढें त्यांना अवश्य विचारावें.

आज दूरध्वनीवरून व संगणकावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्याची पुंजी लुटली जाते. त्या चोराला ना भिंत फोडावी लागते, ना कोणाचा चेहरा पाहावा लागतो. त्याच्यावर हंसूं येत नाहीं याचें कारण हेंच. शर्विलकापुढें निदान मदनिका उभी होती. या नव्या चोरापुढें कोणीच उभें नाहीं.