फोटोत माणूसच होता

अमेरिकेतल्या जंगलांमधून येणाऱ्या एका प्रकारच्या फोटोंचा मला काही वर्षांपासून नाद आहे. झाडाला बांधलेल्या ट्रेल कॅमेऱ्यानं रात्री काढलेला कृष्णधवल फोटो. चौकटीच्या कडेला दोन पायांवर उभं असलेलं काहीतरी. अंगभर झिपऱ्या, मान जवळजवळ नाहीच, चेहऱ्याच्या जागी काळोख. कोणी म्हणतं बिगफूट, कोणी आणखी काही. पुष्कळदा उत्तर एका वाक्यात संपतं: गिली सूट घातलेला शिकारी आहे तो.

उत्तर बरोबर असलं तरी मला ते अपुरं वाटतं. माणसानं स्वतःवरची 'माणूस' ही खूण पुसण्यासाठी तयार केलेला हा वेश आहे. तो पाहून फसलेल्यांना हसण्याआधी तो आला कुठून, हे पाहायला हवं.

'गिली' हा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला शब्द. मूळ अर्थ पोरगा, गडी. हायलँड्समधल्या जमीनदारांना हरणांच्या शिकारीला नेणारा, वाट दाखवणारा, ओझं वाहणारा तो गिली. १९०० साली लॉर्ड लोव्हॅटनं बोअर युद्धासाठी अशाच माणसांची पलटण उभी केली: लोव्हॅट स्काउट्स. गिली सूट लष्करात आणण्याचं श्रेय सहसा त्यांनाच दिलं जातं. एक जाळी, तिला बांधलेल्या गोणपाटाच्या चिंध्या आणि वर त्या जागचंच गवत-पाला. रंग जुळवणं हे यातलं अर्धंच काम. डोकं, मान, खांदे ही ओळखीची बाह्यरेषा मोडणं जास्त महत्त्वाचं. आपल्या शेतातलं बुजगावणं म्हणजे गवताचा केलेला माणूस. इथे माणसाचं गवत करायचं असतं.

याच भागातल्या लोककथांत पानं आणि शेवाळ पांघरून राहणारा 'गिले डू' आहे. गेरलॉखच्या रानात चुकलेल्या एका लहान मुलीला त्यानं रात्रभर सांभाळलं आणि सकाळी घरी पोचवलं, अशी त्याची कथा. कथेचा पुढचा भाग मला जास्त लक्षात राहतो. ही हकीकत ऐकून तिथला जमीनदार आणखी चार जणांना घेऊन बंदुकांसह त्याच्या शिकारीला निघतो. त्यांना तो सापडत नाही, एवढंच नशीब.

कथेतली ही शिकार पुढे खऱ्या आयुष्यातही झाली. १९०० सालीच हेस्केथ प्रिचर्ड नावाचा एक तरुण 'डेली एक्स्प्रेस'च्या वतीनं पॅटागोनियात गेला. त्याचा जन्म आपल्या झाशीचा, १८७६चा. पॅटागोनियातल्या एका गुहेत केसाळ कातड्याचा तुकडा मिळाला होता. तो इतका ताजा दिसत होता की मायलोडॉन हा प्रचंड स्लॉथ अजून जिवंत असावा असं काही शास्त्रज्ञांनाही वाटलं. प्रिचर्ड महिनोन्‌महिने हिंडला. प्राणी मिळाला नाही. ते कातडं दहा हजार वर्षांहून जुनं असल्याचं पुढे कळलं.

हाच प्रिचर्ड पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला स्नायपिंग शिकवत होता. त्यानं १९१६ साली फ्रान्समध्ये त्याची शाळाच काढली आणि लोव्हॅट स्काउट्सना निरीक्षक म्हणून सोबत घेतलं. कागदाच्या लगद्याची डोकी खंदकाच्या वर धरायची, शत्रूनं गोळी झाडली की भोकांच्या रेषेवरून त्याची जागा शोधायची, ही त्याच्या हातखंड्यांपैकी एक युक्ती. नसलेल्या प्राण्याला शोधत फिरलेला माणूस आता असलेल्या माणसाला नाहीसं करायला शिकवत होता. दोन्ही कामांत प्रश्न एकच: अर्धवट दिसलेल्या आकाराला पाहणारा काय नाव देतो?

कॅमेरा या गोष्टीत शिकाऱ्यांच्याच वाटेनं आला. जॉर्ज शिरास या अमेरिकन माणसानं ताणलेल्या दोरीला कॅमेरा आणि फ्लॅश जोडून रात्री प्राण्यांचे फोटो मिळवले. जुलै १९०६च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्याचे ७४ फोटो छापून आले. आज दोरीची जागा उष्णतेतला बदल टिपणाऱ्या सेन्सरनं घेतली आहे. त्याच्यासमोरून ऊब हलली की शटर उघडतं. रात्री डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकला जातो, आणि त्या प्रकाशात कपड्यांचे रंग आपल्याला दिसतात तसे उमटत नाहीत. दिवसा हिरवट-तपकिरी असणाऱ्या चिंध्या पुष्कळदा सरसकट फिकट दिसतात, म्हणजे लोकरीसारख्या. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे हलणारा हात लांबट होतो. वेशानं बाह्यरेषा मोडलेली असते, पण उंची आणि दोन पाय तसेच राहतात. उरतं काय, तर माणसासारखं उभं असलेलं, पण माणूस न वाटणारं काहीतरी.

ही गफलत कायद्यालाही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक केशरी कपडे सक्तीचे असतात, ते दुसऱ्या शिकाऱ्यानं त्यांना हरीण समजू नये म्हणून. धनुष्यबाणाच्या हंगामात पुष्कळ ठिकाणी ही सक्ती नसते, आणि तेव्हा झाडाझुडपांचे वेश बाहेर पडतात. २६ ऑगस्ट २०१२च्या रात्री मात्र मोंटानात कॅलिस्पेलजवळ ४४ वर्षांचा एक माणूस गिली सूट घालून महामार्गावरच उभा राहिला. लोकांना बिगफूट दिसल्यासारखं वाटावं, हा त्याचा बेत होता, असं त्याच्या मित्रांनी पोलिसांना सांगितलं. एका गाडीनं त्याला उडवलं, दुसरी अंगावरून गेली. तो मेला. न दिसण्यासाठी बनवलेला वेश त्यानं दिसण्यासाठी घातला होता. वेशानं आपलं काम चोख केलं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे फोटो आता कोण वाचतं याकडेही माझं लक्ष असतं. लाखो फोटो माणसं चाळत बसत नाहीत. 'मेगाडिटेक्टर'सारखी प्रणाली त्यांत प्राणी, माणूस आणि वाहन शोधते, बाकीचे रिकामे ठरवते. प्रत्येक उत्तरासोबत खात्रीचा आकडा येतो आणि किती आकड्याला 'हो' म्हणायचं ते कोणीतरी माणूसच ठरवतो. गूढ प्राण्याचा कप्पा तिथे नाही. पण माणसाचा कप्पा असूनही माणूस दिसतोच असं नाही. वन्यजीव अभ्यासात चुकून आलेल्या माणसांच्या फोटोंना 'बायकॅच' म्हणतात, म्हणजे जाळ्यात नको असताना सापडलेली मासळी.

हे कॅमेरे आपल्याकडेही वाघ मोजण्यासाठी सगळीकडे लावलेले असतात. कॉर्बेटच्या परिसरातला एक अभ्यास केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केला. जंगलात शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो अशाच कॅमेऱ्यात आला आणि तो गावभर मोबाइलवर फिरवला गेला, असं त्यात नोंदवलं आहे. गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. जळणफाटा आणि गवत आणायला जाणाऱ्या बायका कॅमेऱ्यांच्या धाकानं गाणं-बोलणं कमी करू लागल्या, वाटा बदलू लागल्या. तिथे कोणी चिंध्या पांघरल्या नव्हत्या, रात्रही आड आली नव्हती. तरीही फोटो फिरवणाऱ्यांना त्यात माणूस दिसला नाही.

म्हणून असा फोटो समोर आला की मी 'हे काय आहे?' हा प्रश्न मागे ठेवतो. आधी हंगाम कोणता, कॅमेरा जमिनीपासून किती वर, बाजूच्या झाडाचा घेर केवढा, तिथून कोण जातं-येतं हे पाहतो. आणि मग विचारतो: हा कोण असेल, आणि आपला फोटो निघतोय हे त्याला माहीत असेल का?