मुक्काम बऱ्हाणपूर

सायकल शनवारा दरवाज्यापाशी घ्या आणि चाकांत हवा नीट भरून घ्या. जायचं आहे चारशे वर्षं मागे, आणि तिकडे पंक्चर काढणारा कुणी बसलेला नाही. बाकी सामान नको. पाण्याची बाटलीसुद्धा नको. बऱ्हाणपूरच्या पाण्याची सोय वाटेत भेटणारच आहे.

हा दरवाजा निजाम-उल-मुल्क आसफजाहानं १७३१ मध्ये घातलेल्या तटाचा. म्हणजे इथल्या हिशेबानं नवाच. रिक्षा, केळ्यांच्या हातगाड्या आणि मावा जलेबीच्या कढया चुकवत आत शिरा, जामा मशिदीसमोर उतरा, सायकलला कुलूप घाला. फारूकी सुलतान राजा अली खानानं ही काळ्या दगडाची मशीद उभारली आणि आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरवला, आपल्या घराण्याच्या वंशावळीसकट. दोन लेख मिळून काळ सांगतात तो असा: हिजरी ९९७, विक्रम संवत १६४६, शके १५११. आपण ज्याला १५८९-९० म्हणतो त्याचा इथे पत्ताच नाही. पुढे १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला तेव्हा त्याच्या स्वारीची नोंदही इथेच कोरली गेली. पाहुणा आला, भिंतीवर नाव लिहून गेला. ही या गावाची रीतच आहे, आज दिवसभर तुम्हाला तेच दिसणार आहे.

आता नदीकडे वळा. बोळ अरुंद होत जातात, उतार लागतो. पॅडल मारायची गरज नाही, ब्रेकही लावू नका. डांबर संपून फरसबंदी येईल, फरसबंदी संपून धूळ. खड्डा चुकवायला खाली बघाल आणि मान वर कराल तेव्हा तुम्ही १६१० मध्ये राजघाटावर असाल.

समोर तापी. पलीकडे जैनाबाद. दोन काठांना दोन सूफींची नावं आहेत: अलीकडे बुऱ्हानुद्दीन गरीब, पलीकडे जैनुद्दीन शिराजी. दोघेही झोपलेत खुलदाबादला, पण फारूकींनी त्यांच्या नावानं इथे गावं वसवली. घाटावर बादशाही हत्तींना पाणी पाजायला आणलंय. माहूत तुमच्या सायकलीकडे बघून विचारतो, "याचं जनावर कुठं हाय?" तुम्ही स्वतःकडे बोट दाखवता. त्याला ते पटतं.

पात्रात एक हत्ती हलतच नाही. तो दगडाचा आहे. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी याच वर्षी इथून गेला आणि लिहून गेला की हा हत्ती इतका हुबेहूब घडवलाय की पाणी प्यायला आलेल्या एका खऱ्या हत्तीनं त्याला टक्कर दिली आणि आपलेच सुळे मोडून घेतले. कपाळाला लाल रंग, लोक हात जोडतात. फिंच त्या लोकांना भोळे म्हणतो. टक्कर देणाऱ्या हत्तीबद्दल त्याचं मत त्यानं लिहिलेलं नाही. पाणी उतरलं की हा दगडी हत्ती आजही दिसतो. पात्रात त्याच्याइतका जुना मुक्काम दुसऱ्या कुणाचा नाही.

घाटाच्या डोक्यावर शाही किल्ला. पाच वर्षांपूर्वी तिथे अकबराचा धाकटा मुलगा दानियाल वारला, वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. दख्खन जिंकायला पाठवला होता. बापानं दारू तोडायला लावली, सासरे अब्दुर्रहीम खानखानान यांनी पहारे बसवले. मग एका नोकरानं दारू बंदुकीच्या नळीत भरून आणली. आतला गंज आणि दारूगोळ्याची राख तिच्यात मिसळली आणि शहजादा उठलाच नाही. बंदूकही त्याची लाडकी. तिच्या नावात 'जनाजा' हा शब्द त्यानं स्वतः हौसेनं घातलेला. ही हकीकत भाऊ जहांगीरनं आपल्या आठवणींत नोंदवली आहे, आणि तो स्वतः काही ताक पिणारा नव्हता.

काठानं सायकल चालवत राहिलात की एक गोष्ट ध्यानात येते. इथे भेटणारा प्रत्येक बडा माणूस कुठेतरी पुढे निघालेला असतो. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा. बऱ्हाणपूर हा त्याच्या लेखी तळ: दाणागोटा भरायचा, कुमक येईपर्यंत थांबायचं, तापीचा पूर ओसरायची वाट बघायची. आणि वाट बघता बघता माणसं इथेच संपतात. १६२२ मध्ये जहांगीरचा मुलगा खुसरो, भाऊ खुर्रमच्या कैदेत. १६२६ मध्ये त्यांचाच भाऊ परवेझ, दारूनं. हा परवेझ सुभेदार असताना नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्याला भेटायला किल्ल्यात आला. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी होती. खाजगी भेट नंतर देतो म्हणून शहजादा आत गेला, पेटी उघडली, आणि ती भेट राहूनच गेली. रोनं शहराबद्दल काय लिहिलं? शहजाद्याचा वाडा, खानखानानचा वाडा आणि आणखी थोडी घरं सोडली तर सगळ्या मातीच्या झोपड्या.

त्याला जमिनीखाली बघायला कुणी नेलं नसावं. कारण त्याच १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी लोक जमीन पोखरत होते. क्षणभर नदी सोडा आणि लालबागेकडे जा. ओळीनं विहिरीसारखी तोंडं दिसतील, शंभरावर. प्रत्येक तोंडाखाली एकच बोगदा, पुढच्या तोंडाकडे किंचित उताराचा. डोंगरात मुरलेलं पाणी पाझरत बोगद्यात येतं आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहरात पोचतं. मोट नाही, रहाट नाही. इराणी जाणकार तबकुतुल अर्ज यानं आखलेली ही योजना, अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीतली. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात, इथे कुंडी भंडारा. तापी उशाशी असताना हा खटाटोप कशाला? कारण नदी पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात कृश, आणि शत्रूला तिच्यात काही कालवायचं असेल तर उघडी पडलेली. ओंजळीनं प्या. दात शिवशिवतात.

परत काठावर. चाक पुढे ढकला, १६३० लागेल, आणि इथे सायकलवरून उतरून चालायचं आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये मघाचा खुर्रम, आता बादशहा शाहजहान, फौजेसह येऊन बसला आणि त्या वर्षी पाऊस आला नाही. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे. पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून आग्र्याला जाताना इथे पोचला तेव्हा वाटेत त्यानं गावोगाव प्रेतं पाहिली होती, आणि पोरं विकणारे आईबाप. खुद्द बऱ्हाणपुरात मात्र बाजारात धान्य आहे, कारण बादशहाची छावणी आहे. म्हणून आसपासचा मुलूख इथे सरकत येतोय. तुम्ही काठाकाठानं चालता तेव्हा पायांत येतात त्या माणसांची गावं तुमच्या ओळखीची आहेत, आज ती बसच्या पाट्यांवर असतात. सोमवार असेल तर किल्ल्याकडे रेटारेटी दिसेल: सोमवारी बादशहा गादीवर बसला म्हणून दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जातात. वीस सोमवार, एक लाख. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीनं हिशेब चोख मांडलाय. लंगरही उघडलेत. तरी रांग संपत नाही.

१७ जून १६३१. किल्ल्यात मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली. मुलगी जगली, गौहरआरा. वय आईचं अडतीस. राजघाटावर उभे राहून बघा: जनाजा नदीपार जैनाबादच्या बागेत चाललाय, शिकारखान्यालगतच्या आहूखान्यात. हीसुद्धा तात्पुरतीच सोय. डिसेंबरात तिचं शव शहजादा शुजाबरोबर आग्र्याला रवाना होईल आणि पुढे काय उभं राहिलं ते कॅलेंडरांवर छापलेलं असतं. त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठी देहूला एका वाण्याची थोरली बायको भुकेनं गेली. तिचा नवरा तुकाराम. तिचं नाव रखमाबाई होतं, हे सांगायला गाइड लागत नाही, पण विचारायलाही फारसं कुणी जात नाही.

घाटावरची गर्दी जनाज्याकडे बघते आणि पुन्हा लंगराकडे वळते. तुम्हाला पलीकडे जावंसं वाटेल. आज नको, आज वाट मोकळी नाही.

आता टांग मारा आणि जरा जोर लावा. १६६७ चा ऑगस्ट वाटेत फक्त ओलांडायचा. मिर्झाराजा जयसिंह विजापूरच्या मोहिमेत हात पोळून परत येताना इथे थांबलाय. दोन वर्षांपूर्वी पुरंदरच्या पायथ्याशी ज्यानं तेवीस किल्ले लिहून घेतले तो हाच. ज्याच्या भरवशावर शिवाजी महाराज आग्र्याला गेले तोही हाच, आणि ते तिथून निसटल्यावर ज्याच्यावर बादशहाची मर्जी खप्पा झाली तोही. २८ ऑगस्टला तो इथेच वारला. तापी-मोहना संगमावर बोहरड्याला त्याची छत्री आहे. त्याचं आमेर किती लांब!

१६८१, जानेवारीची अखेर. जागा बहादूरपुरा, शहराबाहेर, सराफांची आणि सावकारांची वस्ती. सकाळ आहे. दुकानं उघडतायत, मापाच्या तराजूची साखळी किणकिणते. इथे तोंड बंद ठेवा; आज या गल्लीत मराठी बोललेलं चालणार नाही. शाळेत 'बऱ्हाणपूरची लूट' एका ओळीत उरकलेली असते, राज्याभिषेकानंतरची संभाजी महाराजांची पहिली मोठी चढाई म्हणून, आणि ती ओळ वाचताना आपण नेहमी घोड्यावर असतो. आज सायकलवर आहात, दुकानांच्या बाजूला. धूळ आधी दिसते, टापा मागून ऐकू येतात. रायगडावरच्या राज्याभिषेकाला पंधरवडाच झालाय आणि हंबीरराव मोहित्यांचं घोडदळ बहादूरपुऱ्यात शिरलंय. कुणाला काही हलवायला सवडच मिळाली नाही. शहरात नायब काकरखान आहे, काम जिझिया वसुलीचं, हाताशी शिबंदी थोडी. त्यानं दरवाजे लावून घेतले.

तीन दिवस. बहादूरपुरा आणि आसपासचे सतरा पुरे. घरांच्या जमिनी खणून पुरलेलं काढलं जातं. इतिहासकार खाफीखान लिहितो की लूट इतकी झाली की भांडीकुंडी, धान्य, मसाले, वापरलेले कपडे मराठे वाटेत टाकून गेले. सुभेदार खानजहान औरंगाबादेहून निघाला तोवर स्वार चोपड्याच्या वाटेनं साल्हेरकडे पसार. तुम्हाला अभिमान वाटतो, तो वाटू द्या. मघाचा तराजूवाला मात्र अजून उकरलेल्या उंबऱ्यात बसलाय, आणि त्याच्याकडे बघितल्याशिवाय सायकल वळवता येत नाही, गल्लीच तेवढी अरुंद आहे.

शहरातल्या उलेमांनी बादशहाला कळवलं की आमचं रक्षण होणार नसेल तर शुक्रवारची नमाज थांबवतो. नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन उतरला. चारेक महिने राहिला, दक्षिणेकडे निघाला आणि उत्तरेला परतलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरला गेला.

पुढची शतकं भराभर. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे. १८०३ मध्ये असईच्या लढाईनंतर कर्नल स्टीव्हन्सन आला. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर रेल्वे पूर्ण झाली आणि तापीचा उतार शोधत बसायची कुणाला गरज उरली नाही. गाडी दोन मिनिटं थांबते. बादशहांना महिने लागायचे.

या घाईत एकदा मात्र मागे वळून थांबा, १६५८ मध्ये, कुठल्याही घाटावर. रंगारी कापड धुतायत, पाण्यात रंगाचे पट्टे सुटलेत. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए दुसऱ्यांदा इथून चाललाय. त्यानं नोंदवलंय की इथलं तलम, फुलं छापलेलं, जर घातलेलं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, मॉस्को आणि पोलंडपर्यंत जातं. रंगाऱ्याला विचारा, माल कुठे जातो? तो सांगेल, सुरतेला. त्याचा हिशेब सुरतेला संपतो. पण सगळ्या काठावर कुठेही न निघालेला माणूस पहिल्यांदा हाच भेटतो, आणि त्याची वस्ती अजून आहे.

डांबर लागलं. यंत्रमागांची खटखट गल्लीच्या दोन्ही बाजूंनी येतेय, बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. चहाच्या टपरीवर मागावरचा एक कामगार बाहेर आलाय, केसांत सुताचे तंतू. सायकल बघून विचारतो, कुठले? तुम्ही रावेर सांगता. तो हिंदी सोडून देतो.

"रावेरले आपली सोयरीक हाये."

खानदेशची ही जुनी राजधानी राज्यांच्या रेघांत पलीकडे गेली, सोयरिकी गेल्या नाहीत. चहाचे पैसे तो तुम्हाला देऊ देत नाही.

"आता पुढं कुठं?"

"पुलावरून जैनाबादला."

"तिकडं काय हाये?"

"मुमताजची पहिली कबर होती."

"ती तर कवाच गेली," असं म्हणून तो पेला ठेवतो आणि मागाकडे परत जातो.