एकाकी आश्रयार्थी बालके, ब्रिटनमधील
आईवडील किंवा अन्य पालक सोबत नसताना ब्रिटनमध्ये येऊन स्वतःच्या नावाने आश्रय मागणारी १८ वर्षांखालील मुले. त्यांच्या आश्रयाच्या अर्जावर गृहखाते निर्णय देते. निवारा व देखभाल यांची जबाबदारी मात्र इंग्लंडमध्ये १९८९ च्या बाल अधिनियमानुसार स्थानिक प्राधिकरणांवर असते.

अनेकांजवळ कागदपत्रे नसल्याने वय हा वादाचा प्रमुख मुद्दा ठरतो. प्रौढ ठरवल्यास बाल अधिनियमाचे संरक्षण मिळत नाही. संशयास्पद प्रकरणी केवळ दिसण्यावरून वय ठरवू नये, मुलाची पार्श्वभूमी विचारात घ्यावी व त्याला बाजू मांडू द्यावी, ही तत्त्वे मर्टन खटल्यात (२००३) मांडली गेली. वयाचा वाद अखेरीस न्यायालयानेच सोडवायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने क्रॉयडन खटल्यात (२००९) स्पष्ट केले.

अशी अनेक मुले प्रथम जेथे पोहोचतात त्या केंट परगण्यावरील भार वाटून घेण्यासाठी, मुलांना इतर स्थानिक प्राधिकरणांकडे सोपवण्याची २०१६ मध्ये सुरू झालेली ऐच्छिक योजना २०२१ मध्ये बंधनकारक करण्यात आली. त्याच वर्षापासून गृहखाते अशा मुलांना हॉटेलांत ठेवू लागले; तेथून अनेक मुले बेपत्ता झाली. या व्यवस्थेचा सरसकट व नियमित वापर उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बेकायदेशीर ठरवला.